गोधडीचे रंग बागेत बसून ठरवावेत

गोधडीचे रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नयेत असं माझं पक्कं मत आहे आणि दर वसंतात ते अजूनच पक्कं होत जातं. कपाटात साठलेली कापडं, आधीच्या कामातले उरलेले तुकडे, जुन्या शर्टांचे अजून धड असलेले भाग, सगळं एका टोपलीत भरायचं आणि सरळ दाराबाहेर सावलीत जाऊन बसायचं, जिथून झाडं दिसतात. घरात जे दोन निळे जुळे वाटत होते त्यातला एक बाहेर आल्या आल्या हिरव्याकडे झुकतो आणि दुसरा जांभळ्याकडे, आणि मग कळतं की हे दोघं एका ओळीत बसवायचे नाहीयेत. दिव्याच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, त्यामुळे वेगवेगळ्या डायने रंगवलेली दोन कापडं एका दिव्याखाली हुबेहूब दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फटकन वेगळी पडतात, याला मेटामेरिझम म्हणतात. एवढ्या मेहनतीने शिवायचं ते शेवटी दिवसाच्या उजेडातच बघितलं जाणार, मग निवडतानाच दिवसाच्या उजेडात का नाही निवडायचं?

आज अख्खा दिवस घरीच होते, कुठे जायचं नव्हतं, कोणी येणार नव्हतं, त्यामुळे बाग आणि सुई दोन्हींना मनसोक्त वेळ मिळाला. माझा क्रम ठरलेला आहे, सकाळी आधी माती आणि मग कापड. उलटं केलं तर नखातली माती फिक्या कापडावर उतरते, आणि मातीत काम करून कोरडे पडलेले हात दोऱ्याला अडकतात, म्हणून मधे हात ब्रशने स्वच्छ धुवून, थोडं क्रीम लावून ते पूर्ण मुरेपर्यंत थांबायचं आणि मगच सुई हातात घ्यायची.

ऊन चढायच्या आत पाणी घातलं, पानांवर नाही, मुळाशी, आणि त्याआधी बोट मातीत खुपसून बघितलं, वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असेल तर त्या कुंडीला आज पाणी नाही. झिनियाच्या रोपांना पानांच्या तीन-चार जोड्या आल्यात, त्यांचे शेंडे खुडले. जीवावर येतं ते, इतकं छान सरळ वाढत असतं बिचारं, पण शेंडा गेला की खालच्या पानांच्या बगलेतून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी घोळका मिळतो. ट्रेमधली लहान रोपं अजून घरात आहेत, त्यांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवतेय, आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग थोडं ऊन, आठ-दहा दिवसांत पानं जाड होतात, देठ ताठ होतो आणि मग ती वाऱ्याला घाबरत नाहीत.

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आलाय, वसंतात येतोच, कोवळा रस त्याला हवा असतो. मी काही फवारलं नाही कारण त्याच शेंड्यावर लेडीबर्डची अळी फिरत होती. ही अळी ओळखता यायला हवी, मोठ्या किड्यासारखी ती गोल-लाल-ठिपक्यांची अजिबात नसते, लांबट, काळपट, पाठीवर नारिंगी डाग आणि जरा खरबरीत, दिसायला थोडी भीतीदायकच, आणि म्हणून लोक तिलाच कीड समजून चिरडतात, जी खरं तर एकामागून एक मावे फस्त करत असते. मी चांगला वेळ वाकून बघत होते. एक मावा धरायचा, तो संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, मग पुढचा.

आणि तिथेच गोधडीचा रंग सापडला. गुलाबाची नवी पालवी हिरवी नसते, वाइनसारखी गडद तांबूस असते, अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतं आणि पान जून होत गेलं की मागचं हिरवं वर येतं. पण एकाच फांदीवर टोकाला ते तांबूस, मधे दोन्हीची सरमिसळ आणि खाली गडद हिरवं, हे सगळं शेजारी शेजारी इतकं सुंदर दिसत होतं की मी हातातलं खुरपं तिथेच टाकून आत गेले, हात धुतले आणि टोपली घेऊन आले. फांदीशेजारी कापड धरून बघायचं, हा नाही, हा पण नाही, हा थोडा जास्तच विटकरी, आणि मग एक जुना मरून रंगाचा तुकडा निघाला ज्यात बारीक जांभळा धागा आहे, तो लावला आणि बस, तोच.

रंग एकटा कधीच दिसत नाही, तो नेहमी शेजाऱ्यासोबत दिसतो, हे ज्याने नीट अभ्यासून सांगितलं तो चित्रकार नव्हता, केमिस्ट होता. मिशेल शेव्ह्रल हा फ्रेंच केमिस्ट १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता, तिथे भिंतीवरचे विणलेले मोठे पडदे बनायचे आणि तक्रार अशी आली की काळ्या लोकरीचा रंग काही ठिकाणी फिका, दम नसलेला वाटतो. त्याने डाय तपासला, लोकर तपासली, तिथे काहीच बिघाड नव्हता, मग लक्षात आलं की काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे आहेत त्यांच्यामुळे डोळ्याला तो काळा तसा दिसतोय. १८३९ मध्ये त्याने यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. १०२ वर्षं जगला हा माणूस. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येकाने मनातल्या मनात त्याचे आभार मानावेत असं मला वाटतं, कारण आपलं निम्मं काम हेच असतं, कोणाला कोणाशेजारी बसवायचं.

सध्या माझ्याकडे जे चाललंय ते षटकोनांचं काम आहे, कागदावर बसवून हाताने शिवायचं, इंग्लिश पेपर पीसिंग म्हणतात त्याला. बागेत बसून करायला याच्याइतकं सोयीचं काम नाही, मशीन नको, वायर नको, इस्त्री नको, एका लहान डब्यात सगळं मावतं. जाडसर कागदाचे एक इंच बाजूचे षटकोन कापायचे, त्यावर पाव इंच जास्तीचं कापड ठेवायचं, कडा मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी पकडायच्या. मग दोन षटकोन सुलट बाजू समोरासमोर धरायच्या आणि काठाने वरून टाके घालत जायचं. इथे खरी गंमत आहे, सुईने कागद उचलायचा नाही, फक्त दुमडीवरचे दोन-तीन धागे या बाजूचे आणि दोन-तीन त्या बाजूचे, कागदाला सुई लागली तर बोटाला लगेच कळतं, एक बारीकसा टक् जाणवतो, मग सुई जराशी वर घ्यायची. दोरा बारीक हवा आणि कापडाच्या रंगाशी जुळणारा, नाहीतर फिका राखाडी, तो जवळजवळ सगळ्यात लपतो. षटकोन सहाही बाजूंनी जोडला गेला की आतला कागद काढून घ्यायचा आणि पुढच्यासाठी परत वापरायचा.

मधे एक षटकोन, भोवती सहा, त्याभोवती बारा आणि मग अठरांची वाट, असं ३७ तुकड्यांचं एक फूल तयार होतं. ही रचना अमेरिकेत १९२० आणि ३० च्या दशकांत घराघरात शिवली गेली आणि तिचं नावच ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन पडलं. षटकोनांचा नमुना मात्र त्याहून खूप जुना, तिथल्या एका मासिकात १८३५ सालीच छापून आला होता. मधला तुकडा बहुतेक वेळा पिवळा ठेवतात, फुलाच्या मध्यासारखा, आणि शेवटची ओळ हिरवी किंवा पांढरी, ती बागेतली पायवाट. खरं सांगायचं तर ती पायवाटच सगळी गोधडी तोलून धरते, फुलं कितीही रंगीबेरंगी करा, वाट एकच ठेवा, ती नसेल तर सगळी फुलं एकमेकांत मिसळतात आणि लांबून नुसता गोंधळ दिसतो.

षटकोनच का, यालाही एक मस्त उत्तर आहे आणि ते मला फार आवडतं. सारख्या क्षेत्रफळाच्या खणांनी सपाट जागा भरायची असेल तर खणांच्या सीमांची एकूण लांबी सगळ्यात कमी षटकोनातच होते, मधमाशा पोळ्यात हेच करतात आणि थॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ मध्ये याची सिद्धता दिली. मधमाशीचं मेण वाचतं आणि आपली शिवण वाचते! चौकोनाशी तुलना केली तर तेवढ्याच क्षेत्रफळाला सुमारे ७ टक्के शिवण कमी. अर्थात चौकोन मशीनवर सरळ ओळीत सरसर शिवता येतात आणि षटकोनाला प्रत्येक कोपऱ्यावर वळावं लागतं, त्यामुळे वेळ काही वाचत नाही, पण हाताने शिवणाऱ्याला वेळ वाचवायचाच कुठे असतो.

मधल्या तुकड्याभोवतीच्या सहा पाकळ्यांसाठी आज आरसे काढले. दोन छोटे चौकोनी आरसे मागच्या बाजूने टेपने जोडायचे, पुस्तकासारखे उघडायचे, मधला कोन ६० अंशांचा ठेवायचा आणि छापील कापडावर उभे करायचे. आरशात तोच तुकडा सहा वेळा गोल फिरून दिसतो, म्हणजे कापायच्या आधीच कळतं की ही पाकळी इथून कापली तर आख्खं फूल कसं दिसेल. एका साध्या वेलबुट्टीच्या कापडावर आरसा सरकवत गेले तर एका ठिकाणी देठांची चांदणी झाली, जरा पुढे पानांचं चक्र, अजून पुढे कळ्या सगळ्या आत तोंड करून. कापड तेच! यात कापड वाया खूप जातं, मधून मधून भोकं पडलेली जाळी उरते, पण त्या एका फुलासाठी ते अगदी चालण्यासारखं आहे, उरलेले बारीक तुकडे दुसऱ्या कामाला येतात.

लेक बाहेर आली, थोडा वेळ नुसती बघत बसली आणि मग मोबाईलने मांडणीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून माझ्यासमोर धरला.

"आई, यातली पायवाट कुठे गेली?"

खरंच गेली होती. मरून पाकळ्या आणि गडद हिरवी वाट, डोळ्यांना इतके वेगळे दिसणारे दोन रंग, फोटोत एकाच करड्या छटेचे. रंग वेगळा असणं आणि गडद-फिकं वेगळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लांबून गोधडी बघताना नक्षी दिसते ती गडद-फिक्यामुळे. मग आम्ही दोघींनी वाटेसाठी एकेक कापड ठेवून फोटो काढत बसायचा सपाटाच लावला, फिका पोपटी बरा, फिका राखाडी छान पण थंड, शेवटी एक जुनं मऊ झालेलं सायीच्या रंगाचं कापड ठेवलं ज्यावर नीट बघितलं तरच दिसतील अशा हिरव्या टिकल्या आहेत. फुलं एकदम सुटी झाली. लेकीला म्हटलं, हे तुझं डिपार्टमेंट आता.

बागेच्या रंगांवर बोलायचं तर गर्ट्रूड जेकिल आठवायलाच हवी. १८४३ ते १९३२, इंग्लंडमधली, शिकली चित्रकला, भरतकाम करायची, आणि डोळे इतके कमजोर होत गेले की १८९१ मध्ये डॉक्टरांनी बारीक काम सोडायला सांगितलं. मग तिने तोच सगळा रंगांचा अभ्यास मातीत उतरवला, सरे परगण्यात मन्स्टेड वूड हे तिचं स्वतःचं घर आणि बाग, तिथे फुलांचे लांबट तिरके पट्टे एकात एक सरकत जातील असे लावले, टोकांना थंड रंग, मधे तापलेले लाल-केशरी, परत थंड. तिचं एक म्हणणं मला फार पटतं, की निळी बाग म्हणजे फक्त निळंच असा हट्ट धरू नये, त्या निळ्याला शेजारी थोडा पांढरा किंवा अगदी फिका लिंबासारखा पिवळा मिळाला तर तोच निळा खुलतो. गोधडीला हे शब्दशः लागू पडतं. एकाच रंगाच्या छटांची गोधडी सुंदर दिसते हे मान्य, पण त्यात एक-दोन तुकडे परके असावेतच, ते नसले तर डोळा कुठे थांबत नाही.

दुपारी वारा पडला आणि मग नुसती शिवत बसले. टाके घालताना हात आपोआप चालतात, मान मात्र आखडते, म्हणून एक फूल पूर्ण झालं की उठायचं आणि बागेत एक चक्कर. वाळलेली फुलं खुडायची, एखादं तण उपटायचं, मधमाशा कुठे जातायत बघायचं. आज निळ्या सॅल्व्हियावर गर्दी होती आणि शेजारच्या लाल फुलांकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं. मधमाशीला आपल्यासारखा लाल दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट दिसतो. तिला रंग ओळखता येतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी रंगीत कागद आणि साखरपाण्याच्या बश्या ठेवून दाखवून दिलं होतं, पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एकाच वाफ्यासमोर मी आणि ती उभ्या, आणि दोघींना दिसणारी बाग वेगळी, हे डोक्यात आलं की मी जरा वेळ हातातलं काम विसरतेच.

शिवण आणि बाग एकत्र करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की पाळावी आणि हे मी कळकळीने सांगतेय. पक्ष्यांना घरट्यासाठी उपयोगी पडेल म्हणून दोऱ्यांचे तुकडे झाडावर टाकू नका. हेतू चांगला असतो पण लांब दोरा पिल्लांच्या पायाला, मानेला गुंडाळला जातो आणि पिल्लू घरट्यातच अडकतं. बाहेर बसून शिवताना दोऱ्याचं प्रत्येक टोक डब्यात जायलाच हवं, मी झाकणाचा डबा मांडीशीच ठेवते. शंभर टक्के सुती कातरण असेल तर ती बारीक करून कंपोस्टमध्ये घालता येते, कापूस शेवटी झाडाचाच, कुजतो. पॉलिस्टर किंवा मिक्स कापड असेल तर नाही, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कळत नसेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघा, सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

आणि सावली. बागेत बसून शिवा म्हणजे उन्हात बसून शिवा असं नाही! म्युझियममध्ये जुन्या कापडांसमोर उजेड साधारण ५० लक्सवर ठेवतात आणि भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं, यावरून ऊन कापडाला किती मारक आहे याचा अंदाज येईल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये सिसिलीत शिवलेली चौदाव्या शतकातली ट्रिस्टन क्विल्ट आहे, लिननची, नक्षीच्या आत कापूस भरून उठाव दिलेला, आणि सहाशे वर्षांनंतरही त्यातली माणसं, घोडे, जहाजं ओळखू येतात. जपलं तर कापड इतकं टिकतं. म्हणून धुतलेली गोधडी वाळवायचीसुद्धा सावलीत, उलटी करून.

संध्याकाळी उजेड उतरायला लागला तसं एक बघायचं होतं म्हणून मुद्दाम मांडणी तशीच ठेवली. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या १९व्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं होतं की दुपारी झगझगीत लाल दिसणारी फुलं अंधुक उजेडात काळपट पडतात आणि हिरवं-निळं मात्र उजळ वाटतं. कारण उजेड कमी झाला की डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हातात घेतात आणि त्यांना लालसर प्रकाश फारसा जाणवत नाही. अगदी तसंच झालं, बागेतला लाल गुलाब आणि माझ्या मरून पाकळ्या दोन्ही बरोबरीने विझत गेले आणि ती सायीच्या रंगाची वाट एकटी उठून दिसायला लागली, निळा तुकडा तर दुपारी दबलेला होता तो आता पुढे आला. गोधडी बहुतेक वेळा रात्रीच्या मंद उजेडातच अंगावर असते, त्यामुळे ही परीक्षा प्रत्येक गोधडीची घ्यावी असं मी म्हणेन.

त्यावरून बागेचंही एक ठरलं. झिनियाचे सगळे गडद रंग यावेळी एकत्र लावणार नाही, छोटे छोटे घोळके करीन आणि मधून पांढऱ्या ॲलिसमची कड फिरवीन, म्हणजे संध्याकाळी लाल विझले तरी वाफ्याची आखणी दिसत राहील. ॲलिसमची रोपं ट्रेमध्ये आहेतच, अजून आठवडाभर बाहेरची सवय झाली की लावते. मरून कापड अजून जास्त लागणार आहे, ते कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचंय, कारण असे गडद लाल रंग पाण्यात सुटतात आणि सुटला तर सगळी सायीची वाट गुलाबी होईल. कोणाकडे फिक्या रंगात बारीक छापाचं जुनं सुती कापड पडून असेल आणि नको असेल तर मला सांगा, अठरांच्या ओळीला कापड खूप लागतं.